मार्टिन ल्यूथर किंग वाचायचे कुठून? पहिल्या पानापासून तर नकोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या गावातल्या वाचनालयात दर पंधरा दिवसांनी कॉलेजची दहा-बारा पोरं-पोरी जमतात, त्यांच्यासाठी यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या निवडक लेखांचं आणि भाषणांचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं, 'अ टेस्टामेंट ऑफ होप', आणि दोनदा सुरू करून दोनदा शंभरेक पानांवर सोडलं. ते लिहितात, "सगळीकडं तेच प्रेम, तीच अहिंसा, तोच देव. पोरं म्हणतात हा माणूस फारच गोड बोलतो, आम्हाला माल्कम एक्स जवळचा वाटतो. कुठल्या क्रमानं वाचू आणि मराठीत कसं सांगू?" (माल्कम एक्स म्हणजे त्याच काळातला काळ्यांचा जहाल नेता, मार खाऊन गप्प बसू नका म्हणणारा.)

मी बावीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं किंग यांचा काही ना काही मजकूर वर्गात घेतला, आणि आता रविवारच्या वाचनगटात तेच मराठीतून घेते. तुम्ही जिथं अडकलात तिथं अडकलेली माणसं मी खूप पाहिलीत, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही वाचायला कमी पडलेला नाही. पुस्तक ज्या क्रमानं छापलंय त्या क्रमानं तुम्ही वाचलंत, अडचण तिथं आहे. जेम्स वॉशिंग्टन यांनी हा संग्रह १९८६ साली काढला, म्हणजे किंग जाऊन अठरा वर्षं झाली होती, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत त्यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी पहिल्यांदा पाळली गेली. अशा वेळी हा माणूस नुसता सभा गाजवणारा नव्हता, विचार करणारा होता हे ठसवावं असं संपादकाला वाटलं असणार. म्हणून सुरुवातीला विचारांचा भाग ठेवलाय, त्यानंतर गाजलेली प्रवचनं आणि भाषणं, मग लेख, मग मुलाखती, आणि शेवटी त्यांच्या पुस्तकांतले उतारे. पहिल्या भागातले लेख वेगवेगळ्या मासिकांसाठी लिहिलेत, प्रत्येक मासिकाचा वाचक नवा, त्यामुळं तीच मांडणी फिरून फिरून येते, आणि ओळीनं वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस एकच गोष्ट बोलतोय.

खरा प्रॉब्लेम मला असा दिसतो. किंग यांचा जवळजवळ प्रत्येक मजकूर हा त्या त्या आठवड्याच्या कामासाठी केलेला आहे. उद्या सकाळी बसमध्ये चढायचं नाही, परवा कोर्टाचा मनाई हुकूम मोडून मोर्चा काढायचाय, पुढच्या सोमवारी अमुक दुकानातून खरेदी बंद. संग्रहात आलं की तो आठवडा गळून पडतो, समोर बसलेली माणसं गळून पडतात, आणि मागं उरतं ते प्रेम, अहिंसा आणि देव. मग गोड वाटणारच की. म्हणून मी कुठलाही मजकूर घेण्याआधी फळ्यावर तीन गोष्टी लिहायला लावते: तारीख काय, समोर कोण बसलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांनी नेमकं काय करावं असं बोलणाऱ्याला वाटत होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आता क्रम. मी शेवटापासून सुरू करते, ३ एप्रिल १९६८, मेंफिस, अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक शहर. पुस्तकात ते 'आय सी द प्रॉमिस्ड लँड' या नावानं आहे, बाकी सगळीकडं त्याला 'माउंटनटॉप'चं भाषण म्हणतात.

मेंफिसमध्ये त्या वर्षी १ फेब्रुवारीला दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि कचरा दाबणारं यंत्र चालू होऊन त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले, जवळजवळ सगळे काळे. त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या, 'आय अ‍ॅम अ मॅन'. किंग तिथं आले, २८ मार्चच्या मोर्चात काचा फुटल्या, पोलिसांच्या गोळीनं सोळा वर्षांचा एक मुलगा गेला, आणि पेपरवाले लिहायला लागले की यांची अहिंसा संपली. म्हणून किंग परत आले, पुन्हा एक मोर्चा शिस्तीत काढून दाखवायला. ३ एप्रिलच्या रात्री वादळ होतं, ते दमलेले होते, सभेला त्यांनी आपले सहकारी अ‍ॅबरनॅथी यांना पाठवलं. हॉलमध्ये जमलेल्या लोकांना किंगच हवेत हे पाहून अ‍ॅबरनॅथींनी फोन केला, तेव्हा ते आले आणि हातात कागद न घेता बोलले.

या भाषणाची शेवटची दोन मिनिटं सगळ्यांनी ऐकलेली असतात, डोंगरमाथ्यावरून पलीकडचा प्रदेश पाहिला वगैरे. पण मधला भाग वाचा. तिथं हा माणूस सांगतोय की शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगा, मेंफिसमध्ये कोका-कोला घ्यायचा नाही, सीलटेस्टचं दूध घ्यायचं नाही, वंडर ब्रेड घ्यायचा नाही, कारण या कंपन्या नोकऱ्या देताना भेदभाव करतात. आतापर्यंत कचरा उचलणाऱ्यांनीच सोसलं, आता हा त्रास थोडा वाटून घेऊ. गावातल्या मोठ्या बँकांतून पैसे काढा आणि ट्राय-स्टेट बँकेत ठेवा, ती काळ्यांची आहे. आमच्या गटात बाजार समितीत हिशेब लिहिणारा एक मुलगा येतो, तो हे वाचताना मध्येच थांबून म्हणाला, "मॅडम, हा तर दूध आणि पावाचा हिशेब सांगतोय." त्या दिवसानंतर आमच्या गटात कुणी किंग यांना गोड म्हटलेलं मला आठवत नाही.

याच भाषणात अजून एक तुकडा आहे तो तुमच्या फार कामाचा. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पुस्तकावर सह्या देत बसले असताना एका बाईनं त्यांच्या छातीत पाकिटं फोडायचं टोकदार पातं खुपसलं, टोक महाधमनीला टेकलं होतं, डॉक्टर म्हणाले नुसती शिंक आली असती तरी संपला असता. नववीतल्या एका गोऱ्या मुलीनं त्यांना पत्र पाठवलं की तुम्ही शिंकला नाहीत याचा मला आनंद आहे. ते पत्र सांगून किंग म्हणतात, मलाही आनंद आहे, कारण शिंकलो असतो तर १९६० साली फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन बसणारे काळे विद्यार्थी मला दिसले नसते, १९६१ च्या फ्रीडम राइड्स, म्हणजे काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून केलेले बसप्रवास, दिसल्या नसत्या, १९६२ चं ऑल्बनीचं आणि १९६३ चं बर्मिंगहॅमचं आंदोलन, ऑगस्टमधलं ते स्वप्नाचं भाषण, मग सेल्माचा मतदानाच्या हक्कासाठीचा लढा. ही यादी म्हणजे तुमच्या पुढच्या सगळ्या बैठकांची अनुक्रमणिका आहे, त्यांनी स्वतःच करून ठेवलेली. पोरांना ती वहीत उतरवून घ्यायला सांगा आणि मग एकेक ठिकाण उघडत जा. या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटेलच्या गॅलरीत उभे असताना त्यांना गोळी घातली, वय ३९.

दुसरं घ्या अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र, १६ एप्रिल १९६३. याला एक बैठक पुरत नाही, मी तीन देते. कोर्टाचा मनाई हुकूम मोडून मोर्चा काढला म्हणून गुड फ्रायडेला, १२ एप्रिलला अटक झाली. त्याच सुमाराला गावातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं निवेदन पेपरात आलं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, वेळ चुकलीय, बाहेरची माणसं येऊन चिथावतायत, मागण्या कोर्टात आणि वाटाघाटीत मांडाव्यात. किंग यांनी उत्तर त्याच पेपरच्या समासात लिहायला घेतलं, मग तुरुंगात काम करणाऱ्या एका काळ्या कैद्यानं कागदाचे कपटे आणून दिले, शेवटी वकिलांना वही आत द्यायची परवानगी मिळाली. नंतर छापताना त्यांनी त्यावर हात फिरवला, हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय.

इथं एक समजून घ्या की हे आठ जण दुष्ट नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी वंशभेदाच्या कट्टर पुरस्कर्त्यांना कोर्टाचे निकाल पाळा असं बजावलं होतं. म्हणजे पत्र शत्रूला नाही, 'तुमचं बरोबर आहे पण पद्धत चुकते' म्हणणाऱ्या भल्या माणसाला आहे. म्हणूनच ते आजही टोचतं, कारण वाचताना आपण बहुतेक वेळा त्या आठांतच बसलेलो असतो.

पत्रात मोहिमेच्या चार पायऱ्या दिल्यात: आधी अन्याय खरंच आहे का याची माहिती गोळा करणं, मग वाटाघाटी, मग स्वतःची तयारी, आणि मग प्रत्यक्ष कृती. 'स्वतःची तयारी' म्हणजे काय ते पोरांना नक्की सांगा, कारण इथंच अहिंसा म्हणजे गोड बोलणं हा गैरसमज सुटतो. कार्यकर्त्यांच्या कार्यशाळा घेतल्या जायच्या आणि त्यात स्वतःला पुन्हा पुन्हा विचारायचं की मार खाऊन उलटा हात न उगारता राहता येईल का, तुरुंग सोसेल का. मोहिमेची वेळसुद्धा ईस्टरच्या खरेदीचा हंगाम बघून ठरवली होती, कारण ख्रिसमस सोडला तर दुकानदारांचा सगळ्यात मोठा धंदा तेव्हाच. महापौरपदाची निवडणूक आणि तिची फेरनिवडणूक होईपर्यंत कृती पुढं ढकलली. आमच्याकडं संघटनेत काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळतं.

आणि त्या पत्रातलं एक वाक्य. इंग्रजीत तीनशेहून जास्त शब्दांचं एकच वाक्य आहे. धर्मगुरू म्हणतात थांबा, किंग म्हणतात ज्यांना कधी हे सोसावं लागलं नाही त्यांना थांबा म्हणणं सोपं असेल, पण जेव्हा तुम्ही जमावाला आईबापांचे जीव घेताना पाहिलेलं असतं, जेव्हा सहा वर्षांच्या मुलीला टीव्हीवर जाहिरात बघून एका करमणुकीच्या बागेत जायचं असतं आणि ती काळ्या मुलांना बंद आहे हे सांगताना तुमची जीभ अडखळते, जेव्हा प्रवासात कुठलंच मोटेल घेत नाही म्हणून रात्रीमागून रात्र गाडीत अवघडून झोपावं लागतं, जेव्हा, जेव्हा, जेव्हा, असं करत करत ते वाक्य शेवटी पोचतं की मग तुम्हाला कळेल आम्हाला थांबणं का अवघड जातंय. मी पहिल्यांदा वर्गाकडून याचं मराठी करून घेतलं तेव्हा सगळ्यांनी ते तोडून पंधरा-वीस सुटसुटीत वाक्यं केली, आणि मीही ते बरोबर म्हणून मार्क दिले. मोठ्यानं वाचल्यावर चूक लक्षात आली. ते वाक्य वाचणाऱ्याला थांबवून ठेवतं, पूर्णविराम कधी येतोय याची वाट बघायला लावतं, थांबा म्हणणाऱ्यांना थांबणं म्हणजे काय ते अंगावर दाखवतं. आपल्या भाषेला जेव्हा-तेव्हाची रचना सहज येते, क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं मराठीत ते एकाच वाक्यात उत्तम उभं राहतं. फक्त 'तेव्हा' शेवटपर्यंत हातचा राखून ठेवायचा.

त्याच वाक्यात एक तुकडा आहे की पहिलं नाव एक शिवी होऊन जातं, मधलं नाव वय कितीही असो 'बॉय' होतं, आडनाव 'जॉन' होतं, आणि बायकोला, आईला कधी 'मिसेस' लावलं जात नाही. 'बॉय'चं 'मुलगा' केलंत तर काहीच पोचत नाही. गटातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माझ्या आजोबांना गावातलं दहा वर्षांचं पोर 'ए' करून हाक मारायचं, आणि आजोबा त्याला 'जी' म्हणायचे." खोलीत कुणी काही बोललं नाही. आम्ही 'बॉय' शब्द तसाच ठेवला आणि पुढं 'अरे-तुरे' आणलं. मेंफिसच्या कामगारांच्या गळ्यातली ती पाटी, 'मी माणूस आहे', हे या 'बॉय'ला दिलेलं उत्तर आहे, आणि हे दोन मजकूर पाठोपाठ वाचले तरच ते दिसतं.

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर अजून दोन शब्द. पत्रात 'व्हाइट मॉडरेट'वर राग आहे, आणि पोरं हमखास 'मवाळ गोरा' लिहितात. आपल्याकडं मवाळ म्हटलं की जहाल-मवाळ आठवतं, गोखले, रानडे, म्हणजे चळवळीच्या आतलाच एक पक्ष. किंग यांचा मॉडरेट चळवळीबाहेर कडेला उभा आहे, त्याला न्यायापेक्षा शांतता प्यारी आहे. आम्ही 'समजूतदार गोरा' केलं, तो शब्द नेमका लागला. दुसरा शब्द 'टेन्शन'. आपल्या पेपरात 'गावात तणाव' म्हणजे दंगल आणि पोलीस बंदोबस्त. किंग म्हणतात ताण आम्ही निर्माण करत नाही, आधीपासून आत दबलेला असतो तो वर आणतो, गळू झाकून बरं होत नाही, त्याला उजेड आणि हवा लागते. आपल्याकडं बातम्यांत 'तणावपूर्ण शांतता' लिहितात ना, बर्मिंगहॅममध्ये ती वर्षानुवर्षं होतीच, फक्त ताण एकाच बाजूच्या लोकांच्या अंगावर होता. हे असं सांगितलं की पोरांना पटकन पोचतं.

यानंतर माँटगोमेरी, १९५५-५६. पुस्तकाच्या शेवटच्या भागात 'स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम' या किंग यांच्या माँटगोमेरीवरच्या पुस्तकातले उतारे आहेत, तिथं जा. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली, ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बस सोडली, आणि ते ३८१ दिवस चाललं. पोरांना दोन गोष्टी दाखवा. एक, सुरुवातीच्या मागण्या अगदी साध्या होत्या: नीट वागवा, काळे मागून आणि गोरे पुढून अशा क्रमानं जो आधी येईल त्याला जागा द्या, आणि काळ्यांच्या वस्तीतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्या. म्हणजे वेगळं बसवणं बंद करा अशी मागणीसुद्धा नव्हती, ती बसवाल्यांनी ताठा दाखवल्यावर आली. दुसरं, ३८१ दिवस लोकं कामावर कशी गेली? चालत, आणि शेकडो खासगी गाड्यांच्या कारपूलमधून, कुठं उभं राहायचं आणि कुठं उतरायचं याचे थांबे ठरवून. पत्रकं रातोरात सायक्लोस्टाइल करून वाटणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला संघटनेचं नाव घ्यायला विसरू नका, त्या नसत्या तर सव्वीस वर्षांच्या किंग यांना भाषण करायला सभाच मिळाली नसती.

'आय हॅव अ ड्रीम' चौथ्या नंबरला ठेवा, त्याच्या आधी नको. २८ ऑगस्ट १९६३, अडीच लाखांच्या आसपास लोक, आणि मोर्चाचं नाव होतं नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठीचा मोर्चा. पहिल्या भागात पैशाची भाषा आहे. अमेरिकेनं काळ्या नागरिकांना चेक दिला आणि तो वटला नाही, खात्यात पुरेशी शिल्लक नाही असा शेरा मारून परत आला, तो आम्ही वटवायला आलोय. वक्तृत्व स्पर्धेतली पोरं हा भाग गाळून थेट स्वप्नावर उडी मारतात. स्वप्नाचा भाग लिहून आणलेल्या कागदात नव्हताच, जवळ बसलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी त्यांना सांगितलं, मार्टिन, स्वप्नाचं सांग, आणि त्यांनी कागद बाजूला सारला. पण म्हणजे ते जागच्या जागी सुचलं असंही नाही, जूनमध्ये डेट्रॉइटला त्यांनी हे स्वप्न लोकांपुढं मांडलेलं होतं. कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बुवांकडं दृष्टांत तयार असतात, समोरची माणसं बघून कुठला काढायचा ते तिथं ठरतं.

कीर्तनाची आठवण मी उगाच काढली नाही. ही भाषणं एकट्यानं मनात वाचायची नाहीतच. किंग यांच्या सभेत लोक मधेमधे हुंकार देतात, 'येस सर', 'आमेन', 'वेल', आणि त्या हुंकारावर पुढचं वाक्य चढतं, आपल्याकडं टाळकरी ओळ उचलतात तसं. छापलेल्या मजकुरात हे बऱ्याचदा गाळलेलं असतं, म्हणून तीच ओळ आठ वेळा का येते ते कळत नाही आणि कंटाळा येतो. रेकॉर्डिंग लावा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल, आधी पाच मिनिटं नुसतं ऐकू द्या.

मग १९६७. इथं पोरं आणि किंग यांची खरी गाठ पडते. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले. त्यातला मुद्दा असा, वस्तीतल्या चिडलेल्या तरुणांना मी सांगत होतो की बाटल्या आणि बंदुकांनी प्रश्न सुटत नाहीत, ते मला विचारत होते, मग व्हिएतनामचं काय? आणि माझ्या लक्षात आलं की जगात आज सगळ्यात जास्त हिंसा पसरवणारं माझंच सरकार आहे, त्याच्याविरुद्ध बोलल्याशिवाय मी या पोरांना अहिंसा सांगू शकत नाही. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली, चळवळीतले जुने सहकारीसुद्धा दूर झाले. त्याआधी १९६६ मध्येच गॅलपच्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकन लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत वाईट होतं. म्हणजे सगळ्यांना आवडणारे किंग हे नंतर तयार झालेले आहेत, जिवंतपणी ते तसे नव्हते. ऑगस्ट १९६७ चं 'व्हेअर डू वी गो फ्रॉम हिअर' लगेच जोडून घ्या. त्यात ते म्हणतात, प्रेमाशिवायची सत्ता बेदरकार आणि जुलमी होते, आणि सत्तेशिवायचं प्रेम भावविवश आणि अशक्त. प्रत्येकाला किमान उत्पन्नाची हमी द्या हेही तिथंच मागितलंय.

माल्कम एक्स जवळचा वाटतो म्हणणाऱ्या पोरांना गप्प करू नका. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेवरूनच घेतलं होतं, त्यामागं राग होता आणि त्याला कारणं होती. किंग आणि माल्कम आयुष्यात एकदाच भेटले, २६ मार्च १९६४ ला, वॉशिंग्टनला सिनेटमध्ये, तेही काही मिनिटं. पण एकमेकांना उत्तर देत दोघंही बदलत गेले, आणि तुरुंगातल्या पत्रात किंग स्वतः सांगतात की मी दोन टोकांच्या मध्ये उभा आहे, एकीकडं सोसून सोसून निपचित पडलेले लोक आणि दुसरीकडं हिंसेच्या जवळ पोचलेला राग आणि द्वेष. पोरांना सरळ विचारा, रिव्हरसाइडचं भाषण कुणाचं ते न सांगता वाचून दाखवलं तर तुम्ही ते कुणाचं म्हणाल?

भारताबद्दलचं कधी घ्यायचं हे तुमच्या गटावर अवलंबून आहे. किंग १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महिनाभर इथं होते, मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले, आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला, तो पुस्तकात आहे. मुंबईत रोज रात्री पाच लाखांवर माणसं उघड्यावर झोपतात हे त्यांनी त्यात लिहिलंय. अस्पृश्यतेबद्दल मात्र तो लेख पाहुण्याच्या नजरेचा आहे असं माझं मत आहे, सरकार आणि पुढारी काय करतायत यावर त्यांचा भर आहे, आणि महाडच्या तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना तो अपुरा वाटेल. म्हणून तो सुरुवातीला घेऊ नका, आपला देश दिसला की चर्चा तिकडंच जाते आणि किंग बाजूला राहतात. पण त्याच दौऱ्यातली दुसरी गोष्ट ते १९६५ च्या एका प्रवचनात सांगतात ती जरूर घ्या. केरळमधल्या एका शाळेत, जिथं पूर्वी अस्पृश्य मानलेल्या घरांतली मुलं शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली की हे अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांना आपल्या देशातली झोपडपट्टीत कोंडलेली दोन कोटी माणसं आठवली आणि ते मनात म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. आरक्षणावर बोलायचं असेल तर 'व्हाय वी कान्ट वेट' या किंग यांच्या पुस्तकात नेहरूंशी झालेलं बोलणं आहे. किंग यांच्यासोबत आलेले प्राध्यापक विचारतात की हा भेदभाव नाही का, नेहरू म्हणतात, असेलही, पण शतकानुशतकं आम्ही जो अन्याय केला त्याचं हे आमचं प्रायश्चित्त आहे. गटात सगळ्या जातींची पोरं असतील तर या चर्चेला पूर्ण वेळ द्या, बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत हे उघडू नका.

कुणीतरी नक्की विचारेल की हे सगळं त्यांनीच लिहिलंय का. लपवू नका. भाषणांच्या मसुद्यांना सहकाऱ्यांची मदत असायची, स्वप्नाच्या भाषणाला क्लॅरेन्स जोन्स, रिव्हरसाइडला व्हिन्सेंट हार्डिंग. प्रवचनांत इतर धर्मोपदेशकांचे दृष्टांत आणि वाक्यं नाव न घेता येतात, त्या परंपरेत ते चालत आलंय. नैतिक विश्वाची कमान लांब आहे पण ती न्यायाकडं झुकते, हे जे वाक्य सगळे त्यांच्या नावावर टाकतात त्याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या थिओडोर पार्कर यांच्याकडं जातं. आपल्या अभंगात 'तुका म्हणे' येतं म्हणून उसनवारी लगेच कळते, तिथं तशी नाममुद्रा नाही. पीएचडीच्या प्रबंधाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात दुसऱ्यांचा मजकूर श्रेय न देता घेतलाय असं बोस्टन विद्यापीठाच्या समितीनं १९९१ मध्ये सांगितलं, पदवी काढून घेतली नाही. ती चूकच आहे. मी वर्गात तसंच सांगत आले आणि त्यामुळं कुणी पुस्तक मिटून ठेवलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार गटात आणू नका एवढं मात्र कडक ठेवा. वॉशिंग्टनमध्ये किंग यांचं स्मारक २०११ मध्ये झालं, त्यावर कोरलं होतं की मी न्याय, शांती आणि सदाचाराचा ड्रम मेजर होतो, म्हणजे बँडच्या पुढं काठी फिरवत चालणारा. मूळ प्रवचन फेब्रुवारी १९६८ चं, आणि ते सगळं पुढं-पुढं करण्याच्या हौसेविरुद्ध आहे. त्यात ते म्हणतात, मला ड्रम मेजर म्हणायचंच असेल तर न्यायाचा म्हणा. 'म्हणायचंच असेल तर' एवढं गाळलं आणि नम्र माणूस बढाईखोर झाला. लोकांनी तक्रार केली, २०१३ मध्ये ती ओळ दगडावरून काढून टाकावी लागली.

विचारांचा भाग, जिथं तुम्ही अडकलात, तो सगळ्यात शेवटी वाचा. तेव्हा अहिंसेच्या लेखातलं 'माणसाला हरवायचं नाही, अन्यायाला हरवायचंय' हे वाक्य आलं की पोरांच्या डोळ्यांपुढं ते आठ धर्मगुरू आणि मेंफिसचे कामगार उभे राहतील. देवाबद्दल म्हणाल तर किंग मुळात बॅप्टिस्ट पाद्री होते, बापही पाद्री, आजोबाही. ते वगळून वाचता येत नाही. श्रद्धा नसलेल्यांना मी एवढंच सांगते की समोर बसलेली माणसं कुठल्या भाषेत धीर धरायची ते ऐका.

वेळेचं म्हणाल तर पंधरा दिवसांनी एक बैठक धरून याला साधारण सहा महिने लागतील. फक्त चार बैठका हातात असतील तर एक मेंफिसला, दोन पत्राला आणि एक रिव्हरसाइडला द्या, बाकी सोडा. इंग्रजी कच्चं असेल तर तुम्ही घरी मराठी करून न्या, पण एक परिच्छेद तरी इंग्रजीतून मोठ्यानं वाचून घ्या. आणि केलेलं मराठी पुढं छापावंसं वाटलं तर आधी परवानगी काढा, या लेखनाचे हक्क त्यांच्या वारसांकडं आहेत आणि ते त्याबाबत काटेकोर आहेत.

पहिल्या बैठकीआधी मेंफिसचं रेकॉर्डिंग तुम्ही एकदा पुस्तक समोर धरून ऐका, जिथं लोकांचा हुंकार येतो तिथं पेन्सिलीनं खूण करा. त्या खुणा बघूनच पोरांना वाचायला सांगा, दुधाच्या आणि पावाच्या ओळींवर किती खुणा पडतात ते त्यांना मोजू द्या.